डॉल्फिन आणि प्रवाळ पाहायला जाताना: बुकिंगपासून परतीपर्यंत काय, कधी, कोणत्या क्रमाने

डॉल्फिन पाहायला जाणारी बहुतेक माणसं विचार करायला सुरुवात करतात ती बोटीत बसल्यावर. तोवर बोट कोणती, फेरी किती वेळाची, पाण्यात उतरायचं की नाही, हे सगळं ठरून गेलेलं असतं. मग दूरवर एक पंख दिसतो, सगळे एका बाजूला धावतात, चालक इंजिनाचा जोर वाढवतो, आणि पैसे भरून बसलेल्या चाळीस माणसांत ‘जरा हळू घ्या’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. प्रवाळाचंही तसंच. हात लावायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही प्रवाळ तुटतं, कारण मास्कमध्ये पाणी शिरल्यावर काय करायचं याचा सराव केलेला नसतो आणि घाबरलेला माणूस पाय खाली सोडून उभा राहतो.

हे मी पाहिलेलं आहे, आणि दुसरी चूक स्वतः केलेलीही आहे. म्हणून खालचा क्रम तसाच पाळा. पहिले चार टप्पे फेरीच्या दिवसाआधीच करायचे आहेत आणि नेमके तेच टाळले जातात.

टप्पा १: फेरी ठरवण्याआधी

डॉल्फिन आणि प्रवाळ एकाच फेरीत उरकायचा बेत करू नका. ‘दोन्ही दाखवतो’ म्हणणाऱ्या फेरीत वेळ मोजून वाटलेला असतो. डॉल्फिन पहिल्या अर्ध्या तासात दिसले नाहीत की पुढच्या दहा मिनिटांत ते शोधून, गाठून दाखवायचं दडपण चालकावर येतं. पाठलाग सुरू होतो तो इथून. दोन वेगळे दिवस नसतील तर एकच निवडा.

डॉल्फिनसाठी निघण्याआधी त्या भागात कोणती जात दिसते आणि ती दिवसा काय करते, एवढं शोधून ठेवा. स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा किनाऱ्याजवळच्या शांत, उथळ खाडीत विश्रांती घेतात. डॉल्फिन झोपतो तेव्हा त्याच्या मेंदूचा अर्धा भाग जागा असतो. तो हळूहळू पोहत राहतो, श्वासाला वर येतो, त्यामुळे आपल्याला तो झोपलेला वाटतच नाही. ‘इथे रोज सकाळी हमखास दिसतात’ अशी जागा म्हणजे बरेचदा त्यांचं झोपायचं ठिकाण. हवाईमध्ये याच कारणाने २०२१ पासून किनाऱ्यापासून २ सागरी मैलांच्या आत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर, जवळ जायला बंदी आहे. पोहत जायलाही आणि बोटीनेही.

प्रवाळासाठी दोन गोष्टी पाहायच्या.

एक, पाण्याचं तापमान. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या ‘कोरल रीफ वॉच’ या उपक्रमाचे नकाशे कुणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यात साठलेल्या उष्णतेचा आकडा असतो, त्याला ‘डिग्री हीटिंग वीक’ म्हणतात. तो ४ च्या वर गेला की ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ पांढरं पडण्याची, दाट शक्यता असते. ८ च्या वर गेला की प्रवाळ मरू लागतं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं, उपाशी पण अजून जिवंत असतं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरू शकतं. अशा आजारी प्रवाळावर चिखल उडवणारे पाय नेऊ नयेत. थायलंडने २०१६ मध्ये ब्लीचिंगमुळे डायव्हिंगच्या काही जागा बंद केल्या होत्या. तुम्ही जाणार ती जागा कुणी बंद केली नसेल, तरी आकडा ८ च्या वर असेल तर मी फेरी पुढे ढकलेन.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. ओहोटीला उथळ जागी प्रवाळावर कमरेएवढंही पाणी उरत नाही आणि मग कितीही जपून पोहलं तरी गुडघा लागतोच. भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तास-दीड तास धरून वेळ ठरवा.

*तपासा:* जात कोणती, विश्रांतीची वेळ कोणती, तापमानाचा आकडा किती, भरती किती वाजता. या चारांची उत्तरं कागदावर आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

टप्पा २: बोट निवडताना विचारायचे प्रश्न

‘तुम्ही पर्यावरणाची काळजी घेता का?’ असं विचारू नका. ‘हो’ याशिवाय दुसरं उत्तर मिळणार नाही. ज्याचं उत्तर देताना काम कसं चालतं ते आपोआप सांगावं लागेल, असे प्रश्न विचारा:

१. डॉल्फिन दिसले नाहीत तर काय करता? ‘असं होतच नाही’ किंवा ‘पैसे परत’ म्हणणाऱ्याला काहीही करून डॉल्फिन दाखवावेच लागतात. ‘दिसले तर दिसले, नाहीतर किनारा दाखवून परत आणतो’ म्हणणारा माणूस बरा.

२. किती अंतरावर थांबता आणि किती वेळ? आकडा यायला हवा. ‘अगदी जवळून दाखवतो’ हे ऐकलं की फोन ठेवा.

३. आधीच दोन-तीन बोटी असतील तर? ‘लांब थांबून आमची पाळी येऊ देतो’ किंवा ‘निघून जातो’, यातलं काहीही चालेल.

४. प्रवाळापाशी बोट कशाला बांधता? कायम बसवलेल्या बोयाला, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपाला, की नांगर टाकता? टाकत असाल तर वाळूवर की खडकावर? नांगर एका झटक्यात जे मोडतो ते शंभर पर्यटकांच्या पायांनीही मोडत नाही, आणि नांगराची साखळी लाटेबरोबर फिरत राहून भोवतालचं सगळं घासून काढते.

५. एका मार्गदर्शकामागे पाण्यात किती माणसं?

६. माशांना पाव टाकता का? डोक्यावर हेल्मेट चढवून समुद्राच्या तळावर चालवता का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर तिथे जाऊ नये. पावाला सोकावलेले मासे प्रवाळावर वाढणारं शेवाळ खाणं सोडतात आणि ते शेवाळ प्रवाळाला झाकून टाकतं. हेल्मेट घालून चालणाऱ्यांच्या वाटेवर तर काही उरतच नाही.

डायव्हिंगसाठी ‘ग्रीन फिन्स’चं नाव लक्षात ठेवा. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सुरू केलेला हा उपक्रम. डायव्हिंग आणि स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगणं) करवणाऱ्यांची प्रत्यक्ष जाऊन तपासणी होते आणि सदस्यांची यादी उघड असते. तुमच्या ठिकाणी असा सदस्य असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर वरचे प्रश्न आहेतच.

*सावधान:* जाहिरातीतले फोटो नीट बघा. डॉल्फिनला हात लावणारं माणूस, प्रवाळावर उभी माणसं, हातात धरलेला तारामासा, यातलं एकही चित्र दिसलं तर बाकीची पाटी कितीही हिरवी असो, तिथे पैसे भरू नका.

टप्पा ३: सराव, आणि तोही प्रवाळापासून लांब

पहिल्यांदा स्नॉर्केलिंग केलं तेव्हा दहाव्या मिनिटाला माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकातोंडात खारट चव आली आणि मी अंग उभं केलं. उजव्या पायातला फिन, म्हणजे पोहताना घालायचं लांब रबरी वल्हं, कशाला तरी लागला. पाण्याखाली आवाज फार स्पष्ट येतो, वाळलेली काटकी मोडावी तसा ‘कट्’. खाली पाहिलं तर फांदीदार प्रवाळाचं बोटभर टोक वाळूवर पडलं होतं आणि जिथून मोडलं तिथली आतली बाजू खडूसारखी पांढरी दिसत होती. मी हात कुठेच लावला नव्हता. माझं चुकलं ते आदल्या दिवशी: मास्क रिकामा करायला शिकलेच नव्हते.

फांदीदार प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर तरी वाढतं. गोल, दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. हाताने कवळता न येणारा गोळा दिसला तर त्याचं वय दशकांत मोजा, कधी शतकांत.

म्हणून पोहण्याच्या तलावात किंवा वाळूच्या उथळ किनाऱ्यावर हे सगळं जमेपर्यंत करा:

- मास्क बसतो का ते पाहा. पट्टा न लावता तोंडावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. केस आत अडकले की पाणी शिरतं, मिशा असतील तर जास्तच.
- मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घ्या. तोंड वर करून कडा दाबा आणि नाकाने श्वास सोडून ते बाहेर काढा. पाय खाली न सोडता सलग पाच वेळा जमलं पाहिजे.
- स्नॉर्केलच्या नळीतलं पाणी एका फुंकरीत उडवा.
- पाच मिनिटं पालथं तरंगत राहा, हात छातीपाशी घडी करून. हातांनी वल्हवायची सवय इथेच मोडायची.
- फिन्स मारताना मांडीपासून, संथ मारा. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय हलले की तळाची वाळू उडते. ती प्रवाळाच्या तोंडांवर बसते आणि ती झटकण्यात त्याची शक्ती खर्च होते.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून डायव्हिंग, करणाऱ्यांनी एक काम वाढवायचं: बुडण्यासाठी अंगाला बांधायच्या वजनाची तपासणी. पृष्ठभागावर, तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमधली हवा पूर्ण काढून, रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं उपकरण) तोंडात ठेवून नेहमीसारखा श्वास घेतलेल्या अवस्थेत पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला व्हावं. टाकी भरलेली असेल तर ती रिकामी झाल्यावर सुमारे दोन किलोने हलकी होते, तेवढं धरून चाला. नवशिके जास्तीचं वजन बांधतात, ते पेलायला जॅकेटमध्ये जास्तीची हवा भरतात, मग पाय खाली आणि डोकं वर अशा तिरक्या अंगाने पोहतात. त्यांचे फिन्स सतत तळावर झाडू मारत असतात.

*तपासा:* डोळे मिटून मास्क रिकामा करता येतो का? नसेल तर प्रवाळाची फेरी एक दिवस पुढे ढकला, आणि तो दिवस सरावाला द्या.

टप्पा ४: पिशवीत काय

पूर्ण बाह्यांचा, पोहताना घालायचा अंगरखा आणि लांब तंग विजार. उन्हापासून वाचायचा हा पहिला उपाय. सनस्क्रीन त्यानंतर, आणि फक्त उघड्या राहणाऱ्या भागांना: चेहरा, मान, पावलं. डबीवर ‘रीफ सेफ’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. त्या दोन शब्दांची कायद्याने ठरलेली व्याख्या नाही, ते कुणीही छापू शकतो. मागची घटकांची यादी वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असेल तर नको. या दोन्हींची विक्री हवाईने १ जानेवारी २०२१ पासून थांबवली, आणि पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाने त्याच्याही एक वर्ष आधी अशा रसायनांवर बंदी आणली. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या आणि पाण्यात उतरण्याच्या वीस मिनिटं आधी लावा, नाहीतर बरंचसं पाण्यातच जातं. प्रवाळाचा मोठा शत्रू तापलेला समुद्र आहे, तुमची ट्यूब त्यामानाने लहान. पण अंगरखा घातल्याने कुणाचंही काही अडत नाही.

हातमोजे नेऊ नका. ते घातले की धरायचा धीर येतो. टोकदार काठीचंही तेच.

टप्पा ५: बोट सुटण्याआधीची पाच मिनिटं

किनारा सोडण्याआधी चालकाशी बोलून घ्या. ‘आम्हाला जवळ जायचं नाही, लांबून शांतपणे बघायचंय, वेळ गेला तरी चालेल,’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. फार थोडे प्रवासी हे सांगतात. चालकाला वाटतं जवळ नेलं नाही तर लोक नाराज होतील, बक्षिशी मिळणार नाही. ते ओझं आपणच उतरवायचं. शक्य असेल तर सोबतच्या प्रवाशांशीही बोलून घ्या. चार जणांनी मान डोलावली की पाठलागाचा आग्रह करणारा एकटा पडतो.

त्याच वेळी बोटीची लांबी विचारा. समुद्रावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, सगळंच जवळ वाटतं किंवा सगळंच लांब. बोट दहा मीटरची असेल तर ५० मीटर म्हणजे पाच बोटी. एवढं डोक्यात असलं की पुरे.

टप्पा ६: डॉल्फिन दिसल्यावर

अंतराचे नियम देशागणिक बदलतात आणि तुम्ही जिथे असाल तिथला नियम आधी. तिथे लिहिलेला नियम सापडला नाही तर हे आकडे धरून चाला. न्यूझीलंडच्या १९९२ च्या नियमांनुसार कळपापासून ३०० मीटरच्या आत तीनपेक्षा जास्त बोटी नकोत. ऑस्ट्रेलियाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १५० मीटरच्या आत वेग उतरवायचा आणि ५० मीटरच्या आत बोट न्यायची नाही. अमेरिकेत जास्तीत जास्त अर्धा तास थांबण्याची शिफारस आहे. हे तिन्ही एकत्र केले की क्रम असा होतो.

१. ३०० मीटरवर वेग कमी करा. इतर बोटी मोजा. तीन असतील तर इथेच थांबा.

२. कळप कुठल्या दिशेने चाललाय ते दोन मिनिटं नुसतं बघा. हे कुणी करत नाही आणि पुढचा सगळा घोळ त्यातून होतो.

३. बाजूने, किंचित मागून, त्यांच्या वाटेला समांतर राहून हळू पुढे व्हा. थेट समोरून नको, थेट पाठीमागूनही नको. वळसा घालून पुढे जाऊन त्यांच्या वाटेत उभं राहणं सगळ्यात वाईट, आणि चालकांना तेच सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण डॉल्फिन बोटीकडे येताना फोटो छान येतो.

४. कळपातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या प्राण्याहून बोटीचा वेग जास्त नको. पाण्यावर फेसाची रेघ उठत असेल तर वेग जास्त आहे.

५. कळपाच्या मधून बोट घालू नका, दोन बोटींत कळप कोंडू नका. किनारा आणि बोट यांच्यामध्ये तर कधीच नाही.

६. ५० मीटरवर इंजिन न्यूट्रल करा. आता पुढचं त्यांनी ठरवायचं. आले तर आले.

ते स्वतःहून आले आणि बोटीच्या नाळेपुढच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, लाटेवर खेळू लागले तर वेग आणि दिशा आहे तशीच ठेवा. एकदम थांबू नका, एकदम वळू नका. त्यांना खेळवायला म्हणून वेग वाढवू नका.

शिट्ट्या, टाळ्या, बोटीच्या कडेवर थापा, स्पीकरवर गाणी, सगळं बंद. डॉल्फिन आवाजाने जग बघतात. स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून ते मासा कुठे आहे ते ओळखतात, आणि पिल्लू आईला हाकेवरून शोधतं. आपल्याला ती थाप मजेची वाटते, त्यांच्या कानांवर ती पाण्यातून हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने आदळते.

आता लक्षणं. ही पाठ करा, कारण सगळे आकडे पाळूनही प्राणी त्रासलेला असू शकतो:

- श्वास घेऊन पूर्वीपेक्षा जास्त वेळ खाली राहणं
- एकदम दिशा बदलणं, वेग वाढवणं
- पसरलेला कळप अंगाला अंग लावून घट्ट होणं
- शेपटी पाण्यावर जोरजोरात आपटणं
- मादीने पिल्लू आणि बोट यांच्या मधे येणं

शेवटचं लक्षण मी एकदा फार जवळून पाहिलं, आणि इतक्या जवळून पाहायला नको होतं. पिल्लू इतकं लहान होतं की त्याच्या अंगावर अजून उभे फिकट पट्टे दिसत होते, आईच्या पोटात दुमडून राहिल्याने पडलेल्या घड्यांचे. तीन बोटींनी त्या दोघांना वेढलं होतं. मादी वर यायची, ‘फुस्स्’ असा श्वास सोडायची आणि दर खेपेला सगळ्यात जवळच्या बोटीकडे पाठ करून पिल्लाला पलीकडच्या अंगाला घ्यायची. बोट पुढे सरकली की पुन्हा तेच. आमच्या बोटीवरचे लोक ‘बघा कसे खेळतायत’ म्हणत होते. पिल्लाला दूध पाजायला आईला संथ पोहावं लागतं. त्या पाऊण तासात तिला ते कधीच करता आलं नसणार.

पट्टे असलेलं पिल्लू दिसलं की लगेच निघायचं. अर्धा तास झाला का ते पाहायचं नाही.

*सावधान:* कळप घट्ट, संथ, सगळे एकाच लयीत वर येतायत आणि कुणी उडी मारत नाही, असं दिसलं तर ते ‘आज शांत आहेत’ असं नाही. ते झोपलेत. १५० मीटरवरूनच परत फिरा.

निघतानाही घाई नको. ३०० मीटर लांब जाईपर्यंत संथ, मग वेग. इंजिन गियरमध्ये टाकण्याआधी दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे पंख्याजवळ बघून घ्या.

टप्पा ७: डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरायचं का?

माझं मत: नाही. बोटीवरून जे दिसतं ते पुरेसं आहे.

तिथला कायदा परवानगी देत असेल, चालकाकडे तसा परवाना असेल आणि तरीही उतरायचंच असेल, तर कळपात पिल्लू नाही याची खात्री करून घ्या. न्यूझीलंडमध्ये पिल्लू असलेल्या कळपाबरोबर पोहायला मनाई आहे, तो नियम सगळीकडेच पाळावा. उडी न मारता शिडीवरून उतरा, तरंगत राहा, हात अंगाजवळ ठेवा. त्यांच्या दिशेने पोहायचं नाही, खाली बुडी मारून गाठायचं नाही. ते निघाले की तुमचं पोहणं संपलं. बोटीने पुढे नेऊन पुन्हा पाण्यात सोडण्याचा प्रकार सुरू झाला तर तुम्ही बोटीवरच बसून राहा.

इजिप्तमधल्या मार्सा आलमजवळच्या समदाई प्रवाळात २००४ पासून जागेचेच भाग पाडलेत. डॉल्फिन विश्रांती घेतात त्या आतल्या भागात माणसाने जायचंच नाही, बाहेरच्या भागात पोहायचं, बोटी त्याच्याही पलीकडे. अशी सोय असलेलं ठिकाण मिळालं तर तेच निवडा.

हातातून मासा भरवणं तर कुठल्याही परिस्थितीत नको. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मंकी मिया इथे किनाऱ्यावर येऊन माणसांच्या हातून मासे घेणाऱ्या माद्यांची पिल्लं इतरांपेक्षा जास्त मरत असल्याचं दिसून आलं. माद्या उथळ पाण्यात रेंगाळायच्या, पिल्लांकडे दुर्लक्ष व्हायचं. त्यानंतर तिथे भरवण्याचे नियम कडक करावे लागले.

टप्पा ८: प्रवाळावर

पाण्यात उतरताना जागा महत्त्वाची. किनाऱ्यावरून जात असाल तर वाळूची वाट शोधा, फिन्स कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर चढवा. बोटीवरून उतरत असाल तर खाली काय आहे ते आधी मास्क लावून बघा.

पहिली पाच मिनिटं प्रवाळाकडे जायचंच नाही. वाळूवर तरंगत श्वास संथ होऊ द्या, मास्क जमवा, पट्टे आवळा, डायव्हर असाल तर लोंबणारे गेज (टाकीतली हवा दाखवणारे मापक) आणि जादा रेग्युलेटर अंगाला अडकवा. काय बिघडायचं ते या पाच मिनिटांतच बिघडतं, आणि ते वाळूवर बिघडलेलं बरं.

मग प्रवाहाच्या उलट दिशेने सुरुवात करा. दमल्यावर परतताना प्रवाह साथ देतो. उलट केलंत तर परतीच्या वेळी धाप लागते, पाय वेडेवाकडे पडतात आणि टेकायला काहीतरी शोधलं जातं.

खोलीचा सोपा नियम: पाणी तुमच्या उंचीपेक्षा कमी आहे तिथे प्रवाळाच्या वर जाऊ नका, कडेने बघा. अंग उभं झालं की फिन्ससकट तुम्ही तुमच्या उंचीहून लांब होता, हे पाण्यात लक्षात राहत नाही. घाबरलात, दमलात, पायात गोळा आला, तर उभं राहायचं नाही. पाठीवर वळा आणि तरंगा. लाईफ जॅकेट घातलं असेल तर हे फार सोपं जातं, आणि पोहता येत असलं तरी ते घालण्यात काही कमीपणा नाही.

‘हा तर नुसता खडक आहे’ असं वाटलं तरी त्याला धरू नका. बरेच खडक जिवंत असतात. प्रवाळाच्या अंगावर पातळ चिकट थर असतो, जंतूंपासून त्याचं संरक्षण करणारा. बोट फिरलं की तो पुसला जातो, खालची नाजूक कातडी खरचटते आणि तिथून रोग शिरू शकतो. आणि सगळेच ‘खडक’ निरुपद्रवी नसतात. फायर कोरलने कातडीची आग होते, स्टोनफिश हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत जहाल विष असतं, कोन शंखाच्या दंशाने माणसं दगावलेली आहेत.

समुद्री कासव दिसलं तर त्याच्या वर तरंगू नका. त्यालाही श्वास घ्यायला वर यायचं असतं. बाजूला व्हा.

*तपासा:* दर दहा मिनिटांनी एकदा मागे वळून बघा. तुमच्या पाठीमागे गढूळ ढग दिसतोय का? दिसत असेल तर तळापासून वर या, पाय संथ करा.

टप्पा ९: कॅमेरा

प्रवाळ मोडणाऱ्यांत कॅमेरावाले पुढे असतात, कारण फोटो काढताना शरीराचा विसर पडतो. आधी स्थिर व्हा, मग कॅमेरा उचला. एका हाताने तरंगणं सांभाळता येत नसेल तर त्या दिवशी कॅमेरा बोटीवर ठेवा. लांब काठीवरचा कॅमेरा तर नकोच, तो कपारीत खुपसला जातो. नीट दिसावा म्हणून प्राण्याला हलवायचं नाही, दगड उलटायचे नाहीत. डॉल्फिनवर ड्रोन उडवायचं असेल तर तिथले नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी उंचीची मर्यादा किंवा परवानगीची अट असते.

टप्पा १०: किनाऱ्यावर परतल्यावर

वाळूवर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. पुढची पिल्लावळ अशाच तुकड्यांवर बसते, वाळू त्यातूनच तयार होते. दगडी प्रवाळ ‘साइट्स’ या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. विमानतळावर पिशवीत सापडले तर ‘मेलेलंच होतं’ हे ऐकून घेतलं जात नाही. दुकानातली प्रवाळाची, मोठ्या शिंपल्यांची शोभेची वस्तूही घेऊ नका.

चालक नियमाने वागला असेल तर त्याच्याबद्दल लिहा, आणि नेमकं लिहा: ‘पिल्लू दिसल्यावर त्याने स्वतःहून बोट वळवली’, ‘आधीच तीन बोटी होत्या म्हणून आम्ही लांब थांबलो’. ‘छान अनुभव’ एवढ्याने पुढच्या प्रवाशाला काहीच कळत नाही. डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून गुण कापू नका. पाठलाग केला असेल तर तेही तारीख-वेळेसकट लिहा, आणि तिथल्या वन किंवा मत्स्य खात्याकडे तक्रार करा.

डॉल्फिनच्या पाठीवरच्या पंखाचे स्पष्ट फोटो मिळाले असतील तर ते अभ्यासकांच्या कामी येतात. पंखाच्या मागच्या कडेवरचे खाचखळगे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून एकेक प्राणी ओळखता येतो. प्रवाळासाठी क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’चा रंगतक्ता आहे. हात न लावता तो प्रवाळाजवळ धरून रंग जुळवायचा आणि नोंद पाठवायची. अर्थात टप्पा ३ मधलं सगळं जमल्यावरच.

किनाऱ्यावर अडकलेला जिवंत डॉल्फिन दिसला तर त्याला पाण्यात ढकलू नका. तो बहुधा आजारी किंवा जखमी असतो आणि पुन्हा वाहून येतो. तिथल्या वन खात्याला किंवा बचाव पथकाला लगेच फोन करा. ते येईपर्यंत अंगावर ओला कपडा टाका, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मात्र उघडंच ठेवा, त्यात पाणी आणि वाळू जाऊ देऊ नका. ऊन असेल तर सावली धरा. शेपटी ओढू नका, तिच्या जवळ उभे राहू नका. लोकांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, आवाज कमी ठेवा. तो दर किती वेळाने श्वास घेतोय ते घड्याळ लावून लिहून ठेवा. पथक आलं की पहिला प्रश्न तोच विचारतं.